एकांतरे

लाल दिवा लागला तसा नवनाथ मशीनपाशी गेला. वाऱ्याने धागा ओढून घेणारी नळी, जिला तिथे सगळे गन म्हणत, तिच्या तोंडाशी त्याने तुटलेलं टोक पकडलं आणि वरच्या गाइडमध्ये बसवलं. तिथवर ठीक झालं. खालच्या गाइडची चीर आली आणि धागा चिरीच्या डावीकडून गेला. दुसऱ्या खेपेला उजवीकडून. तिसऱ्या वेळी त्याने उजवं मनगट डाव्या हाताने धरलं, तेव्हा दोन्ही हात मिळून कापू लागले.

पलीकडच्या बाजूने जवळच्या रांधा गावचा बारकू हे बघत होता. तो वळसा घालून आला, त्याने टोक हातात घेतलं आणि बसवलं. दिवा विझला.

"दादा, हात लय कापतो तुजा," तो म्हणाला. "जरा कमी कर."

"काय कमी करू?"

बारकूने अंगठा तोंडाकडे नेला आणि दात दाखवले. "आमी पन पितो. पन पाळी सुटल्यावर."

नवनाथला हसून वेळ मारून न्यायची होती, पण जीभ टाळूला चिकटून बसली होती. तुटलेला धागा ओवायला त्याला एके काळी पानाला चुना लावण्याइतकाही वेळ लागत नसे. नवी पोरं कामाला लागली की अरविंदसाहेब त्यांना त्याच्या मागे उभं करत आणि सांगत, नुसते हात बघा. आता तेच अरविंदसाहेब काचेच्या केबिनमधून त्याच हातांकडे बघत होते. त्यांनी बोट वाकवून बोलावलं.

अरविंदसाहेब शिफ्टचे इनचार्ज, मूळचे चिपळूणकडचे. वयाने नवनाथपेक्षा लहान, स्वभावाने वाईट नव्हते. त्यांनी दार लावून घेतलं आणि सरळ विचारलं, "नवनाथ, खरं सांग. पितोस?"

प्रश्न अवघड नव्हता. गुजरातेत दारूबंदी, त्यामुळे हद्दीबाहेरच्या या सिल्वासात पावलोपावली बार. कामगाराचा हात कापला तर इथे दुसरं काही कुणाच्या मनातच येत नसे. नवनाथपुढे दोन उत्तरं होती. त्यातलं कमी लाजेचं त्याने उचललं आणि मान हलवली.

अरविंदसाहेबांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखा भाव आला. "मग ठीक आहे," ते म्हणाले. "कळलं तरी. शनिवारी मोठे साहेब येणार आहेत. नव्या मशीनवर चार माणसं घ्यायची आहेत, आणि ही जुनी मशीनं बंद होणार. उरलेल्यांचं काय, ते मी सांगू शकत नाही. तुझं नाव मी दिलंय. ते स्वतः उभे राहून धागा ओवायला लावतील. दोन दिवस बाटलीला हात लावू नकोस."

"नाही लावणार," नवनाथ म्हणाला. आयुष्यात त्याने दारू चाखली नव्हती.

खरं जे होतं ते सांगायची सोय नव्हती. दोन वर्षांपूर्वी, ब्याण्णव सालच्या थंडीत, एका दुपारी नवनाथ मशीनसमोर उभा राहिला तो उभाच राहिला. दिव्यामागून दिवा लागत गेला. धागे तुटून पाखरांच्या पिसांसारखे लोंबत राहिले आणि तो त्यांच्याकडे पाहत राहिला. घरी आणून झोपवला तर उठेना. काय झालं म्हणून सगळ्यांनी विचारलं, पण सांगण्यासारखं काही झालंच नव्हतं. कुणी गेलं नव्हतं, कुणाशी भांडण नव्हतं. त्याला फक्त वाटत होतं की आपण एका विहिरीच्या तळाशी बसलो आहोत आणि वरून माणसं बोलताहेत. साक्रीकडच्या गावाहून थोरला भाऊ आबा आला, भगत झाला, लिंबं उतरवून झाली. शेवटी मुलीच्या, रोशनीच्या शाळेतल्या बाईंनी त्याच्या बायकोला, दुर्गाला, वापीच्या डॉक्टरचं नाव सांगितलं. वेड्यांचा डॉक्टर म्हणताच आबाने हात जोडले. जा, पण कुणाले सांगू नका, पोरीचं लगन करायचं आहे, एवढं बजावून तो गेला. कारखान्यात कावीळ झाल्याचं कळवलं.

डॉक्टरच्या पिवळ्या गोळीने नवनाथला विहिरीतून वर काढलं यात शंका नव्हती. तो जेवू लागला, धाकट्या गोकुळला खांद्यावर घेऊ लागला, कामावर गेला. पण गोळीने आपलंही काही मागून घेतलं. तोंड सुकून जाई. लघवीला उभं राहिलं तर नळ सोडून वाट बघत राहावं लागे. खाली बसून एकदम उठला की डोळ्यांपुढे अंधार. एकदा असाच उठताना तो मशीनच्या लोखंडी सांगाड्यावर आदळला आणि भुवई फुटली. तेव्हा दुर्गा हट्टाने त्याच्याबरोबर वापीला गेली आणि डॉक्टरला म्हणाली की ही गोळी बदला.

डॉक्टर गुजराती, वयस्क, बाहेर गर्दी म्हणून घाईत असलेले. गुजराती, हिंदी आणि जमेल तसं मराठी असं ते एका दमात बोलत. त्यांनी आधी विचारलं, टेन्शन कसं आहे. नवनाथने सांगितलं की टेन्शन बरोबर आहे, रोज मीटर लावून बघतो. तो धाग्याच्या ताणाबद्दल बोलत होता. डॉक्टरांना ते समजलं तेव्हा ते खुर्ची मागे रेलून हसले. दुर्गाही पदर तोंडाला लावून हसली. नवरा दोन वर्षांत पहिल्यांदा विनोद करतो आहे असं तिला वाटलं, आणि तसा तो केला नाही हे सांगायला नवनाथचं मन झालं नाही.

मग डॉक्टरांनी नवीच निघालेली एक कॅप्सूल लिहून दिली, अर्धी हिरवी, अर्धी पांढरी. कशी घ्यायची ते सांगताना पुढचा पेशंट आत येऊन उभा होता. "आ सवारे, रोज. अने जूनी गोळी रात्रे, एकांतरे. पंदर दिवस एकांतरे, पछी बंध. समजी गया?"

समजलं, असं दोघांनीही मान हलवून सांगितलं. चिठ्ठी इंग्रजीत होती. दुकानदाराने नवी कॅप्सूल दिली आणि जुनी घरी शिल्लक आहे ना, एवढंच विचारलं.

शटल जीपची वाट बघताना नवनाथ म्हणाला, "जुनी कशी घ्यायची म्हने?"

"एकांतात," दुर्गा म्हणाली. "दोनदा म्हनला तो. कोनासमोर नाही घ्यायची."

नवनाथ विचारात पडला. सिल्वासात येऊन बारा-तेरा वर्षं झाली होती. कारखान्याची हिंदी आणि बाजारापुरती गुजराती त्याला येत होती. तरीही दुर्गाचं म्हणणं त्याला चटकन पटलं, कारण ते पटावं असं त्याला आतून वाटत होतं. दोन वर्षं तो गोळी चोरासारखी घेत होता. कधी मोरीत, कधी पांघरुणात. आणि आता डॉक्टरनेच सांगितलं होतं की हे लपवणं नाही, ही औषध घ्यायची रीत आहे.

"समजदार मानूस," तो म्हणाला. "त्याले माहीत असंन, लोक कसे राहतात."

पण सिल्वासाच्या आमली भागातल्या त्यांच्या चाळीत एकांत कुठून आणायचा? एक खोली, दोन पोरं, भिंतीपलीकडे चिमाबाईचा संसार आणि टीव्ही. दुर्गाने वाट काढली. दिवेलागणीनंतर ती रोशनी आणि गोकुळला घेऊन बाहेर पायरीवर बसायची आणि दार ओढून घ्यायची. आत नवनाथ खाटेवर एकटा. शेजारी तांब्या, तळहातावर पिवळी गोळी. गोळी गिळून झाली तरी तो जरा बसून राही. गोळीचं काय ते होईल, पण त्या बंद दारामागच्या घटकाभराने त्याला बरं वाटायचं.

चिमाबाईची जीभ मात्र गप्प बसेना. "काय गं दुर्गा, भर संध्याकाळी नवऱ्याला कोंडून ठेवतेस? पळून जातो की काय?"

"देवाचं करतात," दुर्गा म्हणायची.

"आमच्यालाही शिकव म्हणावं. आमच्याचा देव बाटलीत बसलाय."

नवनाथला आत सगळं ऐकू यायचं.

नव्या कॅप्सूलने आराम पडायला हवा होता. आठ-दहा दिवसांत झालं उलटंच. आधी तोंड सुकायचं, आता घास गिळवेना. छातीत कुणीतरी मुठीने दार वाजवत असल्यासारखं व्हायचं. रात्र डोळ्यांवरून निघून जायची, सकाळी बनियन घामाने चिंब. आणि हे हात. गुरुवारी कारखान्यातून तो घरी आला तेव्हा चहाचा कप त्याला बशीतून उचलता आला नाही. रोशनीने कप धरला आणि त्याला चहा पाजला.

पोरं खेळायला गेल्यावर दुर्गा म्हणाली, "ती नवीन बाधली तुमाले. फेकून द्या. जुनीच बरी होती."

नवनाथलाही तेच वाटत होतं. जुनीने निदान हात कापत नव्हते. त्याने हिशेब केला. नवी उद्यापासून बंद. जुनी आज एकाच्या जागी दोन घ्यायच्या, उद्याही दोन. शनिवारपर्यंत हात जागेवर येईल. दुर्गा जरा घुटमळली, पण शनिवारच्या परीक्षेचं तिलाही माहीत होतं. ती पोरांना घेऊन पायरीवर बसली आणि तिने दार ओढलं.

नवनाथने पाकिटातून दोन गोळ्या काढल्या. छाती इतकी उडत होती की तिचा ठोका त्याला बोटांच्या टोकांत दिसत होता. हात तोंडाकडे नेताना एक गोळी निसटली, फरशीवर टपटपत गेली आणि पेटीखाली दिसेनाशी झाली. पेटी सरकवायची तर आवाज होणार, चिमाबाई विचारणार. दुसरी काढायची तर पाकीट त्याने पुन्हा फळीवर, डब्याच्या मागे ठेवलेलं. उठायची त्याला भीती वाटली, उठलं की खोली फिरत होती. हातात राहिलेली एकच गोळी त्याने गिळली आणि खाट धरून बसला.

झोप आली नाहीच. फटफटायच्या आधी हंडा घेऊन तो नळावर गेला, म्हणजे दुर्गाला तेवढं कमी. त्याच्याआधी कुणी आलेलं नव्हतं. त्याने तोटी फिरवली. फुसकन हवा आली, पाणी नाही. तो वाट बघत उभा राहिला. काही वेळाने घरमालकीण मणिबेन दातवण करत बाहेर आल्या.

"आज कुठे पाणी, नवनाथभाई? काले ज कह्युं हतुं बधाने. आता पाणी एकांतरे येनार."

नवनाथने हंडा खाली ठेवला.

"एकांतरे म्हणजे?"

"एटले, एक दिवस येनार, एक दिवस नाय. काल आलं. आज नाय. उद्या येनार." त्यांनी चूळ भरली. "बारा वर्ष सिल्वासामां, आणि एकांतरे नाय समजत?"

नवनाथ तसाच उभा राहिला. आधी त्याला काहीच वाटलं नाही. मग पिवळ्या गोळ्या एकामागून एक आठवू लागल्या, रोजची एक, एकही दिवस न सोडता. काल संध्याकाळी तर दोन घेणार होतो. पेटीखाली गेलेली ती एक नसती गेली तर, इथपर्यंत विचार आला आणि छातीतली मूठ जोरात वाजू लागली. तो नळाच्या कट्ट्यावर बसला.

घरात आला तेव्हा दुर्गा चूल पेटवत होती. हंडा रिकामा पाहून ती काही विचारणार, तेवढ्यात तो म्हणाला की आज पाणी नाही, आणि छातीत धडधडतं म्हणून वापीला जाऊन येतो. ती बरोबर यायला निघाली. पोरांची शाळा आहे, म्हणून त्याने तिला थांबवलं. एकांतरेचा अर्थ कळल्याचं त्याने तिला सांगितलं नाही.

नाक्यावर एका बाजूला कंपनीची बस उभी होती, दुसऱ्या बाजूला वापीची जीप भरत होती. बसच्या खिडकीतून बारकूने हात केला. परीक्षेच्या आदल्या दिवशी गैरहजर राहणारा माणूस बाटली घेऊनच पडला असणार, हे कुणीही म्हटलं असतं. नवनाथला ते कळत होतं. बसच्या पायरीवर त्याने एक पाय ठेवलाही होता. मग दांडी धरलेल्या आपल्या हाताकडे त्याने पाहिलं, पाय खाली घेतला आणि रस्ता ओलांडला.

डॉक्टरांनी नाडी धरली, घड्याळाकडे पाहिलं, आणि पुन्हा धरली. गोळ्या कशा घेतल्या विचारलं. नवनाथने सांगताच त्यांचा चेहरा बदलला. बाहेरच्या गर्दीला थांबायला सांगून त्यांनी त्याला आतल्या खोलीत झोपवलं, छातीला तारा लावून पट्टी काढली आणि ती खिडकीपाशी नेऊन बघत राहिले. दुपारपर्यंत त्यांनी त्याला हलू दिलं नाही. मधून मधून येऊन ते नाडी बघून जात.

"रोज घ्यायला कुणी सांगितलं?" त्यांनी शेवटी विचारलं.

"कुणी नाही. मीच चुकीचं ऐकलं."

"काय ऐकलं?"

नवनाथने छताकडे बघत सांगितलं, "एकांतात."

डॉक्टर हसले नाहीत. स्टूल ओढून ते त्याच्याजवळ बसले. इतके दिवस तुम्ही गोळी एकटे बसून घेत होता का, असं त्यांनी विचारलं. नवनाथ हो म्हणाला. घरची माणसं बाहेर पायरीवर बसायची, तेही त्याने सांगितलं. मग डॉक्टरांनी मोडक्या मराठीत सांगितलं की दोन्ही गोळ्या रोज एकत्र म्हणजे हृदयावर घाला होता, जुनी आजपासून एकदम बंद, नवी दोन दिवसांनी पुन्हा सुरू करायची, वाईट ती नव्हतीच. आणि हात आठवडा-दहा दिवस कापणार, तोवर मशीनजवळ जायचं नाही.

"उद्या जायला पाहिजे, साहेब," नवनाथ म्हणाला.

"उद्या हात कापेल," डॉक्टर म्हणाले. "एक दिवस आड, असं बोलायला पाहिजे होतं मी."

शनिवारी मोठे साहेब यायच्या आधीच नवनाथ काचेच्या केबिनमध्ये गेला. अरविंदसाहेब कालच्या गैरहजेरीने तापलेले होते. त्यांनी बोलायला तोंड उघडलं, तर नवनाथने हात वर केला. तो हात कापत होता. त्याने तो तसाच राहू दिला.

"मी पीत नाही, साहेब. मला डोक्याच्या गोळ्या चालू आहेत. दोन वर्षं. कावीळ झाली नव्हती मला."

अरविंदसाहेब खुर्चीत जरा मागे सरकले. फार नाही, पण ते नवनाथला दिसलं.

"दारू असती तर मी सांभाळून घेतलं असतं," ते हळूच म्हणाले. "हे मी वर काय सांगू?"

"जे आहे ते."

त्यांनी वर काय सांगितलं ते नवनाथला कळलं नाही. मोठ्या साहेबांसमोर धागा बारकूने ओवला, एका झटक्यात, आणि नव्या मशीनवर त्याची निवड झाली. नवनाथला सोमवारपासून पॅकिंगला जायला सांगितलं. धागा गुंडाळलेले कोन खोक्यात भरायचे आणि खोकं चिकटवायचं. तिथे हात कापला तरी चालतं.

केबिनमधलं बोलणं कॅन्टीनपर्यंत पोचलं होतं. बारकू त्याच्यासमोर येऊन बसला. निवड झाल्याचं समाधान त्याच्या तोंडावर लपत नव्हतं, आणि ते लपवायची त्याची धडपडही दिसत होती.

"तू पीत नाय, तर सांगायचं ना, दादा."

"सांगितलं असतं तर?"

बारकूने प्रामाणिकपणे विचार केला. "तर मी घाबरलो असतो," तो म्हणाला, आणि आपल्या ताटातली मिरची त्याने नवनाथच्या ताटात ठेवली.

घरी आला तर दुर्गा दारातच उभी होती. जुनी गोळी डॉक्टरने बंद केली, तिचं काम संपलं, एवढंच त्याने काल तिला सांगितलं होतं. आज सकाळी पाणी आलं होतं. नळावर मणिबेनने बायकांना एकांतरे म्हणजे काय ते पुन्हा समजावून सांगितलं होतं, आणि कोणाच्या नवऱ्याला काय समजत नाही तेही.

"मीच सांगितलं होतं तुमाले," दुर्गा म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता. सगळं दिवसभर रडून झालं असावं. "एकांतात म्हनून. मी सांगितलं."

"ऐकलं दोघांनी होतं," नवनाथ म्हणाला. चप्पल काढून तो आत गेला आणि त्याने पॅकिंगचं सांगितलं.

दिवेलागण झाली. दुर्गाने पोरांना बाहेर काढलं आणि सवयीने दार ओढून घेतलं. मग तिच्या लक्षात आलं असावं. कडीचा आवाज मध्येच थांबला आणि दार पुन्हा जरा उघडलं.

"राहू दे," तो आतून म्हणाला. "बसतो जरा."

दार लागलं. नवनाथ खाटेवर बसला. शेजारी तांब्या भरून ठेवलेला होता, नेहमीसारखा. पेटीखाली कुठेतरी ती एक पिवळी गोळी अजून पडली होती. बाहेर चिमाबाईची चाहूल लागली, आणि नेहमीचा प्रश्न आला, आज पण देवाचं का.

"नाही," दुर्गा म्हणाली, पलीकडच्या खोल्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात. "त्यांच्या मनाचं औषध चालू आहे. वापीच्या डॉक्टरचं. बसले आहेत आत जरा."

चिमाबाईचा टीव्ही चालू होता, त्याचा आवाज कुणीतरी कमी केला. चिमाबाई काय म्हणते याची नवनाथने वाट पाहिली. बऱ्याच वेळाने पायरीवर आणखी कुणीतरी बसल्याचा आवाज आला, बांगड्यांचा, आणि गोकुळला कुणीतरी मांडीवर ओढून घेतल्याचा.

गोळी नव्हती. नवनाथने तांब्या दोन्ही हातांनी उचलला, आणि सांडलं तेवढं सांडू देऊन उरलेलं पाणी तो प्याला.